तुर्कीच्या वाक्यातले फारसी वळण आणि शुद्धतेचा खटला

इराणमध्ये तबरीझ, अर्दबील, झंजान, उर्मिया या भागांत जी तुर्की बोलली जाते, आणि जिला अभ्यासक इराणी अझरबैजानी म्हणतात, तिच्या शाळेतील स्थानाविषयी वाद सुरू झाला की थोड्याच वेळात तो शिक्षणावरून व्याकरणावर घसरतो. एक बाजू म्हणते, या भाषेची वाक्यरचना फारसीच्या साच्यात इतकी बसली आहे की ती मुळात इराणी लोकांनी वरून पांघरलेली तुर्की आहे. मग तिच्यासाठी वेगळी पाठ्यपुस्तके कशाला हवीत? दुसरी बाजू तेच निरीक्षण उचलते आणि उलटा निष्कर्ष काढते: फारसीने आमची भाषा आतून पोखरली आहे, तेव्हा तुर्कस्तानातील इस्तंबूलच्या किंवा स्वतंत्र अझरबैजानची राजधानी असलेल्या बाकूच्या लेखी भाषेचे माप लावून तिच्यातला प्रत्येक फारसी धागा उपसून काढा. या दोन्ही बाजूंचा परस्परांवर काडीचाही विश्वास नाही, पण एका गृहीतकावर त्यांचे पूर्ण एकमत आहे. व्याकरणातला परका अंश म्हणजे भाषेच्या दुबळेपणाचा पुरावा, असे दोघेही धरून चालतात. माझ्या मते हे गृहीतकच चूक आहे. फारसीच्या सहवासाने तुर्की भाषांच्या व्याकरणात झालेले बदल खरे आहेत, खोल आहेत आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही; परंतु ते तुर्की बोलणाऱ्यांनी तुर्कीच्याच साधनांनी घडवले आहेत, आणि त्यांवरून त्या भाषेचा शाळेवरील हक्कही ठरत नाही, तिची प्रकृतीही कळत नाही.

प्रथम बदल नेमका कोणता, ते पाहिले पाहिजे, कारण या वादात बोलणारे पुष्कळ जण उदाहरणापर्यंत पोचतच नाहीत. तुर्की कुळातील भाषांची जुनी ठेवण अशी, की विशेषण म्हणून येणारा सगळा मजकूर नामाच्या आधी, धातुसाधिताच्या रूपात येतो. अझरबैजानीत ‘गॅलॅन आदाम’ म्हणजे ‘आलेला माणूस’. मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल, कारण आपले धातुसाधित नेमके हेच काम करते. फारसीत मात्र नाम आधी येते आणि त्याच्यामागून ‘के’ या अव्ययाने जोडलेले अख्खे वाक्य येते. या सहवासातून अझरबैजानीत ‘ओ आदाम की गॅल्दी’, म्हणजे ‘तो माणूस की जो आला’, अशी रचना रुळली आणि इराणमधील बोलीत तर ती अगदी सर्रास झाली. हेच नामवाक्याचे. ‘गॅलॅजॅयिनी बिलिरॅम’, म्हणजे ‘त्याचे येणार असणे मी जाणतो’, हे तुर्की वळण. ‘बिलिरॅम की गॅलॅजॅक’, म्हणजे ‘मी जाणतो की तो येईल’, हे फारसी वळण. तिसरे उदाहरण इच्छेचे. इस्तंबूलचा माणूस ‘गितमेक इस्तियोरुम’ म्हणतो, म्हणजे ‘जाणे इच्छितो’. तबरीझचा माणूस ‘इस्तॅयिरॅम गेदॅम’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘इच्छितो, जाईन’, आणि हे फारसीतील ‘मीखाहम बेरवम’ या रचनेशी पदोपदी जुळते. ‘मला गेले पाहिजे’ यासाठी फारसीत ‘बायद बेरवम’ आणि अझरबैजानीत ‘गॅरॅक गेदॅम’, तर इस्तंबूलमध्ये ‘गितमेम गेरेक’. इराणमधील काही तुर्की बोलींनी तर फारसीचा ‘-तर’ हा तुलनेचा प्रत्यय उचलून थेट तुर्की विशेषणांना लावला आहे.

आता पहिल्या बाजूचा दावा घेऊ. इतके सगळे साचे फारसी असतील, तर भाषा तुर्की उरली कशी? या प्रश्नाचे उत्तर वरच्या उदाहरणांतच आहे. ‘बेरवम’मध्ये फारसीने विध्यर्थ दाखवण्यासाठी धातूच्या आधी ‘बे’ हा उपसर्ग लावला आहे. अझरबैजानीने तो उपसर्ग घेतला नाही. तिने स्वतःचा जुना इच्छार्थक प्रत्यय धातूच्या मागे लावला आणि त्याच्यावर फारसी विध्यर्थाची कामगिरी सोपवली. ‘गॅरॅक’ हा शब्दही अस्सल तुर्की आहे. फारसी ‘बायद’ घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. म्हणजे उसनवारी झाली ती कामाच्या वाटणीची, ते काम करणारी माणसे घरचीच राहिली. ‘की’ने जोडलेल्या वाक्यातले क्रियापद तुर्कीच्या काळाच्या आणि पुरुषाच्या प्रत्ययांनी चालते, नामे तुर्कीच्या विभक्तींनी चालतात, एका धातूमागे प्रत्ययांची ओळ लावून अख्खे वाक्य एका शब्दात बसवण्याची क्षमता तशीच शाबूत आहे. भाषा कोणत्या कुळातील, हे ठरवताना तिची प्रत्ययव्यवस्था आणि मूळ शब्दसंग्रह पाहतात. गौण वाक्य प्रधान वाक्याच्या मागे येते की पुढे, यावर कुळ ठरवू लागलो तर मराठी, कन्नड आणि जपानी एकाच घरात नांदू लागतील.

या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासाचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. इराणी इतिहासकार अहमद कसरवी यांनी १९२५ च्या सुमारास असे पुरावे मांडले, की तुर्की पसरण्यापूर्वी अझरबैजानच्या प्रदेशात आझरी नावाची इराणी भाषा बोलली जात होती. कसरवी स्वतः तबरीझचे आणि घरची भाषा तुर्की असलेले. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आजही अभ्यासकांत मान्य आहे. अकराव्या शतकात मध्य आशियातून सेल्जुक तुर्क आले, त्यांनी १०४० मध्ये दंदानकानच्या लढाईत गझनवींचा पराभव केला, आणि पुढच्या काही शतकांत स्थानिक लोकांनी हळूहळू तुर्की स्वीकारली. नवी भाषा शिकणाऱ्या समाजाने आपल्या जुन्या भाषेतली काही वळणे सोबत आणली असणार, हेही उघड आहे. पण यातून निघते काय? पूर्वजांनी कधी काळी दुसरी भाषा बोलली म्हणून आजच्या मुलाच्या तोंडची भाषा खोटी ठरते का? हा निकष लावला तर इजिप्तची अरबी, फ्रान्सची फ्रेंच आणि इंग्लंडची इंग्रजीही खोटी ठरेल, कारण या प्रत्येक ठिकाणी आधी दुसरीच भाषा नांदत होती. खुद्द फारसीही इराणच्या पठारावरील कितीतरी भगिनी बोलींना मागे सारून पसरली आहे. कसरवींचा पुरावा लोकसंख्येच्या इतिहासाचा आहे. त्यावरून शाळेच्या माध्यमाचा निवाडा करणे म्हणजे सात-आठ शतकांपूर्वीच्या भाषाबदलाची शिक्षा आजच्या विद्यार्थ्याला देणे होय. इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेतील पंधराव्या कलमाने फारसीला राजभाषा ठरवतानाच स्थानिक भाषांचे साहित्य शाळेत शिकवण्याची मुभा दिली, तेव्हा त्या भाषांनी आपले व्याकरण किती शुद्ध आहे ते आधी सिद्ध करावे, अशी अट घातलेली नाही.

दुसऱ्या बाजूशी माझा वाद अधिक आपुलकीचा आहे, कारण तिची चिंता खरी आहे. तिच्या हाती एक यशस्वी उदाहरणही आहे, ते म्हणजे उस्मानी तुर्की. साम्राज्याच्या लेखणीने फारसीकडून केवळ शब्द घेतले नव्हते; ‘दौलत-इ आलिये-इ उस्मानिये’ अशा नामसमूहांतून फारसीची इजाफत, म्हणजे नामामागे ‘इ’ लावून विशेषण जोडण्याची तऱ्हा, जशीच्या तशी उचलली होती, आणि ती तुर्कीच्या मूळ प्रवृत्तीच्या नेमकी उलट होती. सामान्य माणसाला ही भाषा वाचून कळत नसे. १९११ मध्ये सलोनिकाच्या ‘गेंच कालेमलेर’ या नियतकालिकात लेखक ओमेर सेयफेत्तिन यांनी नव्या भाषेची मागणी केली, तेव्हा त्यांनी एक शहाणी रेषा आखली: लोकांच्या बोलण्यात मुरलेले अरबी-फारसी शब्द राहू द्या, पण त्या भाषांचे समास आणि अनेकवचने करण्याचे नियम सोडा. पुढे १९२८ मध्ये लिपी बदलली, १९३२ मध्ये भाषा-संस्था स्थापन झाली, आणि दोन-तीन पिढ्यांत इजाफत लेखनातून जवळजवळ गेली. वाचणाऱ्यांची संख्या वाढली. हे यश नाकारणारा माणूस प्रामाणिक म्हणता येणार नाही.

मात्र हे यश कशामुळे मिळाले, ते नीट पाहिले तर शुद्धिवाद्यांचाच आधार निसटतो. इजाफत गेली, कारण ती लेखणीची होती. अनातोलियाच्या शेतकऱ्याच्या तोंडी ती कधीच बसली नव्हती. जे तोंडात बसले होते त्याला भाषा-संस्थेची सगळी ताकद लागूनही धक्का लागला नाही. आजच्या तुर्कस्तानात ‘की’ आहे, ‘चुंक्यू’ म्हणजे कारण आहे, ‘एयेर’ म्हणजे जर आहे, ‘बेल्की’ म्हणजे कदाचित, ‘केश्के’ म्हणजे काश, ‘हेम… हेम’, ‘या… या’, ‘ने… ने’, ‘हिच’, ‘हेर’ हे सगळे आहे. हे साधे शब्द नव्हेत. वाक्याला वाक्य जोडणारे, शक्यता आणि अट मांडणारे, नकाराला जोर देणारे हे व्याकरणाचे सांधे आहेत आणि त्यांतले बहुतेक फारसीतून आले आहेत. ज्या चळवळीने हजारो नामे बदलून दाखवली, ती या मूठभर अव्ययांपुढे थांबली, कारण ती काढली असती तर लोकांना आपले विचार जोडता आले नसते.

महाराष्ट्रातही याहून वेगळे घडले नाही. शिवकालात रघुनाथपंतांनी राजव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची मोठी चळवळ झाली, तिने ‘महापौर’, ‘दिनांक’ असे उत्तम शब्द दिले. तरी ‘दार’, ‘खाना’, ‘गिरी’, ‘बे’, ‘गैर’, ‘दररोज’मधला ‘दर’ हे शब्द घडवणारे घटक मराठीच्या कारखान्यात आजही चालू आहेत. ‘की’चे तर विशेषच आहे. ज्ञानेश्वरीत ‘कीं’ हे ‘अथवा’ या अर्थाने पावलोपावली भेटते, म्हणजे शब्दाचे रूप घरात होतेच. ‘तो म्हणाला की…’ अशा वाक्यांच्या प्रसाराला फारसी पत्रव्यवहाराच्या वळणाने बळ मिळाले, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘येईन म्हणून शब्द दिला’ हे आपले जुने वळण, आणि अझरबैजानीत त्याला नेमके समांतर वाक्य आहे: ‘गॅलॅजॅयॅम देयॅ सोझ वेर्दी’. तिथेही ‘म्हणणे’ या धातूचेच रूप जोडणी करते. म्हणजे दोन्ही भाषांत म्हणण्याने जोडणारी रचना मागून आणि ‘की’ने जोडणारी रचना पुढून, अशा दोन वाटा शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. यामुळे मराठी बिघडली, असे आपल्यापैकी कोण गंभीरपणे म्हणेल?

शुद्धिवाद्यांना विचारण्याचा खरा प्रश्न वेगळाच आहे. ज्या शुद्ध तुर्कीकडे परतायचे ती कोणत्या वर्षीची? अकराव्या शतकाच्या आठव्या दशकात काशगरच्या महमूदाने तुर्की बोलींचा महाकोश बगदादमध्ये सिद्ध केला. त्यातही हाच वाद आहे. त्याच्या मते सर्वांत डौलदार बोली त्यांची, ज्यांना एकच भाषा येते, जे फारसी लोकांत मिसळत नाहीत. उलट शहरांत राहून दोन भाषा बोलणाऱ्यांची जीभ त्याला सैल वाटते. त्याच कोशात त्याने एक म्हणही नोंदवली आहे: ‘तातसिझ तुर्क बोल्मास, बाशसिझ बोर्क बोल्मास’. तात म्हणजे फारसी माणूस. त्याच्यावाचून तुर्क नाही, जसे डोक्यावाचून टोपी नाही. कोशकाराचे मत आणि त्यानेच टिपलेले लोकांचे मत, यांत ही जी तफावत आहे तीच आजच्या वादाची मुळे सांगते. आणखी मागे जावे तर आजच्या पश्चिम चीनमधील तुर्फानच्या वाळूत सापडलेल्या मानी-पंथीय आणि बौद्ध उइगुर हस्तलिखितांत ‘किम’, म्हणजे ‘कोण’, हे प्रश्नार्थक सर्वनाम संबंधी सर्वनामाचे काम करताना दिसते. हे ग्रंथ सोग्दी, तोखारी, चिनी, संस्कृत यांतून भाषांतरित होत होते, आणि सोग्दी ही इराणी कुळातलीच भाषा. पहिल्या तुर्क खाकानांच्या राज्यातला, सहाव्या शतकातील बुगुतचा शिलालेख तर सोग्दीतच आहे. तुर्कीतले, मंगोलियातील ओर्खोन नदीकाठचे मोठे लेख त्यानंतर दीडशे वर्षांनी, ७३२ आणि ७३५ मध्ये कोरले गेले. म्हणजे तुर्की भाषा लिहिली जाऊ लागली तेव्हाच इराणी भाषा तिच्या शेजारी बसलेली होती. नंतर फारसीचे ‘के’ आले, तेव्हा त्याला ‘किम’ने आधीच पाडलेली वाट मिळाली. मग यातले परके किती आणि घरचे किती, हे कोणत्या तराजूने तोलणार?

शुद्धिवादी बाजूचा सर्वांत जड पुरावा उझबेकीचा आहे, आणि त्याला बगल देणे मला योग्य वाटत नाही. तुर्की भाषांचा एक मोठा अलंकार म्हणजे स्वरसंवाद: शब्दातील स्वरांच्या जातीप्रमाणे पुढच्या सगळ्या प्रत्ययांचे स्वर बदलतात. तुर्कस्तानात घोडे ‘आतलार’ होतात आणि घरे ‘एवलेर’ होतात. प्रत्यय एकच, पण स्वर पाहून रूप वेगळे. ताश्कंद, समरकंद, बुखारा या शहरांच्या उझबेकीत हा संवाद लोपला आणि प्रत्ययाचे एकच रूप उरले. स्वरांची संख्याही सहावर आली, आणि शेजारच्या ताजिकीत, म्हणजे मध्य आशियाच्या फारसीतही, सहाच स्वर आहेत. हा योगायोग मानणे कठीण आहे. बुखाऱ्याचे अब्दुररऊफ फित्रत आणि त्यांच्या पिढीतील सुधारकांना ही हानी वाटत होती. १९२९ च्या लॅटिन वर्णमालेत नऊ स्वरचिन्हे ठेवून स्वरसंवादाला लेखी जागा दिली गेली. १९३४ मध्ये ती सहावर आणली गेली आणि शहरी बोली प्रमाण ठरली. फित्रत यांना १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. त्यांच्या व्यथेपुढे मान झुकवूनच मी पुढचे म्हणतो.

हानी झाली, हे मान्य. ज्या ध्वनिव्यवस्थेने शब्दाला एकसंध रूप दिले होते ती गेली, तेव्हा काहीतरी सुंदर गेले. परंतु त्यामुळे उझबेकी दुबळी झाली का? ती आज मध्य आशियातील सर्वाधिक बोलली जाणारी तुर्की भाषा आहे, राष्ट्राची राजभाषा आहे, आणि तिच्या विभक्ती, तिचे काळ, तिची संयुक्त क्रियापदे जोमाने चालतात. खोरेझमच्या आणि किपचाक वळणाच्या ग्रामीण बोलींत स्वरसंवाद टिकूनही आहे, पण त्या बोली बोलणारा उझबेक ताश्कंदच्या उझबेकापेक्षा अधिक उझबेक आहे, असे कोणी मोजून दाखवावे. १९३४ च्या निर्णयात चूक होती ती अशी, की एका बोलीच्या सोयीसाठी दुसऱ्या बोलींचे ध्वनी लिपीतून पुसले गेले आणि हे काम दहशतीच्या छायेत झाले. चूक राज्याची होती; समरकंदच्या बाजारात दोन भाषा बोलणाऱ्या माणसाची नव्हती.

आणि त्या बाजारात एकाच दिशेने काही वाहत नव्हते, हे या वादात सर्वाधिक विसरले जाते. ताजिकी ही फारसीच. पण उत्तरेकडच्या ताजिकीचे व्याकरण तुर्कीने इतके बदलले आहे की तेहरानच्या माणसाला तिथे अडखळायला होते. तेहरानचा माणूस ‘केताबी के खांदम’, म्हणजे ‘जे पुस्तक मी वाचले’, असे म्हणेल. ताजिक ‘कितोबी खोंदागीयम’ म्हणतो, म्हणजे ‘माझे वाचलेले पुस्तक’, आणि हे उझबेकीतील ‘ओकिगान कितोबिम’ या धातुसाधिताच्या तऱ्हेने घडलेले आहे. ज्या तुर्की रचनेला अझरबैजानीत फारसीने मागे सारले, तीच रचना ताजिकीत येऊन फारसीलाच बदलून गेली. प्रश्न विचारण्यासाठी वाक्याच्या शेवटी लावायचा ‘मी’ हा तुर्की प्रत्यय ताजिकीच्या बोलण्यात रुळला: ‘शुमो मेरवेद-मी?’ चालू क्रिया सांगण्यासाठी ‘उभे राहणे’ या सहायक धातूचा ‘रफ्ता इस्तोदाअम’ असा वापरही उझबेकीच्या सहवासातूनच आला असे मानतात. मग फारसी व्याकरण श्रेष्ठ म्हणून ते तुर्कीत शिरले, हा एका बाजूचा अभिमान, आणि फारसी आक्रमक म्हणून शिरली, हा दुसऱ्या बाजूचा आरोप, या दोहोंचे काय करायचे? सारा थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांनी १९८८ मध्ये भाषासंपर्काचा जो विस्तृत अभ्यास मांडला, त्याचे मुख्य प्रतिपादन हेच होते, की कोणत्या भाषेत काय शिरेल हे भाषेच्या रचनेपेक्षा बोलणाऱ्यांचा सामाजिक इतिहास अधिक ठरवतो. कोण कोणाची भाषा शिकतो, किती पिढ्या, कोणत्या कामासाठी, यावर ते अवलंबून असते.

आपल्याकडे सांगलीजवळच्या कुपवाडची नोंद जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवली जाते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले, की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शतकांच्या शेजारामुळे वाक्यरचनेत इतकी जवळ आली आहे की एका भाषेचे वाक्य दुसरीत शब्दास शब्द ठेवून उतरवता येते. तरी घरात बोलायची भाषा प्रत्येक समाजाने आपापली राखली आहे. रचना सारखी झाली आणि शब्द वेगळे राहिले, म्हणूनच तिन्ही भाषा टिकल्या, असेही तिथे म्हणता येते. समरकंद आणि कुपवाड यांच्या परिस्थितीत अंतर पुष्कळ आहे, पण दोन भाषा एकाच डोक्यात नांदू लागल्या की ते डोके आपला भार हलका करण्यासाठी त्यांची बैठक सारखी करते, ही प्रक्रिया दोन्हीकडे ओळखू येते.

सत्तेचा प्रश्न यात नाही, असे मी म्हणत नाही. उलट तो प्रश्न नीट मांडायचा असेल तर कालखंड वेगळे करावे लागतात. सेल्जुकांपासून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काजार घराण्यापर्यंत इराणवर बहुतेक काळ तुर्की वंशाचे किंवा तुर्की बोलणारे राजे होते. १५०१ मध्ये तबरीझ घेणारा शाह इस्माईल ‘खताई’ या नावाने तुर्कीत कविता करत असे. तलवार तुर्की बोलणाऱ्यांच्या हाती होती आणि लेखणी फारसीच्या. तुर्की व्याकरणात ‘की’ रुजली ती या काळात, पराभूताच्या नाइलाजातून नव्हे. मध्य आशियाई तुर्कीचे थोर कवी अलीशेर नवाई यांनी १४९९ मध्ये हेरातला दोन भाषांचा न्यायनिवाडा करणारा ग्रंथ लिहिला आणि फारसीत प्रतिशब्द नसलेली शंभर तुर्की क्रियापदे मांडून तुर्की कमी नाही हे सिद्ध करू पाहिले. ते स्वतः ‘फानी’ या नावाने फारसीतही काव्य लिहीत, आणि तुर्कीची बाजू मांडणारे त्यांचे हे गद्यही इजाफतींनी आणि ‘किम’ने जोडलेल्या लांब वाक्यांनी भरलेले आहे. यात मला विसंगती दिसत नाही. नवाई यांना आपल्या भाषेचा अभिमान होता, म्हणूनच तिला दरबारी गद्याचा सगळा आवाका मिळवून द्यायचा होता, आणि त्यासाठी लागणारे सांधे जिथे तयार मिळाले तिथून त्यांनी घेतले.

१९२५ नंतरची गोष्ट मात्र खरोखरच वेगळी आहे. पहलवी राजवटीने शाळा, कचेरी, छापखाना या सगळ्यांतून फारसी ही एकच भाषा चालवली. १९४५-४६ मधील तबरीझच्या अल्पायुषी सरकारचा एक वर्षाचा अपवाद सोडला तर तुर्की मुलाला आपल्या भाषेत लिहिता येणे शाळेने शिकवले नाही. आधी दोन भाषा येणे हे काही लोकांचे कौशल्य होते. आता तुर्की बोलणाऱ्या प्रत्येकाला फारसी आलीच पाहिजे आणि फारसी बोलणाऱ्याला तुर्कीची गरज नाही. अशा एकतर्फी परिस्थितीत रचना जवळ येणे ही भाषा सोडण्याची पहिली पायरी ठरू शकते, हा विरोधकांचा आक्षेप मला या सगळ्या वादातील सर्वांत गंभीर वाटतो. मूल ‘गॅलॅन आदाम’ ऐकतच नसेल, त्याला फक्त फारसीसारखेच वाक्य येत असेल, तर उद्या त्यात तुर्की शब्दांऐवजी फारसी शब्द घालणे त्याला अधिकच सोपे जाईल, असे हा आक्षेप सांगतो.

या आक्षेपाची कसोटी खलजवर लागते. मध्य इराणमध्ये कूम आणि अराक यांच्या आसपासच्या गावांत ही छोटी तुर्की भाषा बोलली जाते. व्लादिमीर मिनोर्स्की यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची दखल घेतली आणि १९६८ पासून गेरहार्ड डोएर्फर यांनी तिचा कसून अभ्यास केला. चहूबाजूंनी फारसीने वेढलेल्या या भाषेची वाक्यरचना फारसीने रंगून गेली आहे. तरीही तिने जे जपले ते बहुतेक तुर्की भाषांनी केव्हाच गमावले होते: शब्दारंभीचा जुना ‘ह’, स्वरांची जुनी लांबी, शब्दाच्या मध्यातला जुना ‘द’. पायाला इस्तंबूलमध्ये ‘आयाक’ म्हणतात. खलज ‘हदाक’ म्हणते. डोएर्फर यांनी या भाषेचे नाते काशगरी महमूदाच्या कोशातील आर्गू लोकांशी जोडले, आणि या आर्गूंची जीभ दोन भाषांमुळे सैल झाली आहे, अशी महमूदाची तक्रार होती. त्यांचा हा तर्क बरोबर असेल, तर ज्यांच्या बोलीला नऊशे वर्षांपूर्वी भेसळीची म्हणून नाव ठेवले त्यांच्याच वंशजांनी तुर्कीची सर्वांत जुनी नाणी सांभाळली, असे म्हणावे लागते.

खलज आज धोक्यात आहे, आणि तिचा धोका कुठून आला ते पाहिले पाहिजे. फारसी वळणाची वाक्ये तिने शतकानुशतके पचवली आणि ती जगली. ती खचू लागली ती आईबापांनी मुलांशी फारसीत बोलायला सुरुवात केल्यावर, म्हणजे शाळा, नोकरी, शहर आणि प्रतिष्ठा यांनी घरातल्या भाषेचे कामच काढून घेतल्यावर. तिच्यातला शेवटचा ‘की’ उपसून काढला असता तर एक तरी मूल खलज बोलत राहिले असते का? शुद्धिवादाचे हेच मोठे नुकसान आहे. तो बोलणाऱ्याच्या वाक्यातील चुका मोजतो आणि त्या बोलणाऱ्याला आपल्या भाषेची लाज वाटायला लावतो. तबरीझच्या आजीला तिची तुर्की अशुद्ध आहे हे एका बाजूने फारसीचा अभिमानी सांगतो आणि दुसऱ्या बाजूने तुर्कीचा अभिमानी सांगतो. दोघांचे ऐकून ती नातवाशी फारसीतच बोलू लागली, तर त्यात तिचा दोष कोणता?

त्यामुळे पाठ्यपुस्तक कसे असावे, हा प्रश्न मला व्याकरणाच्या शुद्धतेपेक्षा कितीतरी निकडीचा वाटतो. इराणी अझरबैजानीच्या पुस्तकात ‘ओ आदाम की गॅल्दी’ हे वाक्य चूक म्हणून खोडले जाऊ नये, कारण मूल ते घरातून घेऊन येते आणि पहिल्याच दिवशी त्याच्या घरावर लाल शाई मारणे हा शिक्षणाचा आरंभ होऊ शकत नाही. त्याच पुस्तकात ‘गॅलॅन आदाम’ मुद्दाम, भरपूर आणि गोष्टी-गाण्यांतून यावे, कारण ती रचना आता कानावर कमी पडते आणि लेखी भाषेला तिच्या आटोपशीरपणाची गरज आहे. लेखणीत नव्याने शिरलेली फारसी नामसमूहांची लांबण टाळावी. सेयफेत्तिन यांची रेषा इथे आजही उपयोगी आहे. इस्तंबूलचे किंवा बाकूचे रूप आदर्श म्हणून लादू नये, पण वरच्या वर्गांत ते वाचता यावे इतकी ओळख द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याला शेजारच्या देशांतील ग्रंथ खुले होतील. घटनेच्या पंधराव्या कलमाने दिलेली मुभा साहित्यापुरती आहे. ती भाषा शिकवण्यापर्यंत नेण्याची मागणी रास्त आहे आणि ती करताना आपले व्याकरण फारसीपासून किती दूर आहे, याचा एकही पुरावा जोडण्याची तबरीझच्या पालकांना गरज नाही.